आडवा धूर

जानव्याला किल्ल्या बांधणारे लोक काशीत मी पुष्कळ पाहिले; पाना बांधणारे एकच. ते माझे घरमालक. दुर्गाघाटावरच्या त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने मिळतो का, हे विचारायला मी गेले तेव्हा ते उघड्या अंगानेच दार उघडायला आले आणि नमस्कार करायच्या आधी माझं लक्ष त्या जानव्यातल्या पान्याकडे गेलं. त्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या हातातली बॅग काढून घेतली, दोन बोटांवर आडवी तोलली आणि म्हणाले, "पुढून जड आहे. मागे काहीतरी सरकवा." मग आत वळून काकूंना सांगितलं, की बँकवाल्या आल्यात.

मी सातारची. बँकेत बढती मिळाली आणि बढतीच्या गळ्यात बांधून बनारस मिळालं. नवरा, संसार तिकडे आणि मी इकडे. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. घरी चार शब्द बोलायचे तर एसटीडी बूथसमोर ताटकळायचं. बँकेतल्या एकाने सांगितलं, की ब्रह्माघाट, दुर्गाघाटाकडे तुमची मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तिकडे बघा. मला हायसं वाटलं. पहिल्याच दिवशी काकू मला म्हणाल्या, "कायद्याने बसा बरं, संकोच नको," आणि मी बिचारी पाय जवळ घेऊन, पदर सावरून, ताठ बसले. त्यांच्या मराठीत कायद्याने म्हणजे नीट, ऐसपैस, हे कळेपर्यंत माझी पाठ भरून आली होती.

काकांचं घराणं वेदपाठ्यांचं. काकांनीही पोरवयात संहिता पाठ केली, आणि मिसरूड फुटल्यावर सगळ्यांच्या नाकावर टिच्चून रेल्वेच्या इंजिन कारखान्यात नोकरी धरली. पाठ केलेलं मात्र विसरले नाहीत. ते देवाशी संस्कृत बोलत, काकूंशी मराठी आणि इंजिनाशी हिंदी. इंजिनाशी हिंदी का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, इंजिन सरकारी माणूस आहे. बोलतही तसेच अदबीने. एखादं इंजिन चालू होईना की त्याच्यापुढे उकिडवे बसून "चलिए महाराज, उठिए, बहुत हो गया" असं समजावत राहायचे. आणि गंमत म्हणजे ते उठायचं.

तोल हे त्यांचं वेड होतं. हाती येईल ती वस्तू दोन बोटांवर तोलल्याशिवाय ते खाली ठेवत नसत. छत्री, वही, लाटणं, माझी चप्पलसुद्धा. जेवायला बसले की ताट उचलून तोलायचे आणि भात जरा इकडे सारायचे. काकू म्हणायच्या, "अन्न आहे ते अहो, विमान नाही." माणसांनाही हाच न्याय. मी बँकेतून चिडून यायची, जिन्यात उभी राहून मॅनेजरच्या नावाने बोटं मोडायची. काका डोळे मिटून सगळं ऐकायचे आणि म्हणायचे, "शेपूट जड आहे त्याचं. असं विमान नाक वर करतं आणि मग पडतं." मला तेवढ्यानेही बरं वाटायचं.

नोकरीतलं त्यांचं काम एकच होतं: इंजिनाचा धूर बघायचा आणि त्याला काय दुखतंय ते सांगायचं. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते, निळा म्हणजे वंगण आत शिरतंय, पांढरा म्हणजे इंधन नीट पेटत नाही. धूर म्हणजे इंजिनाची तक्रार, असं ते म्हणत. जन्मभर त्यांनी इंजिनांच्या तक्रारी मिटवल्या. त्यामुळे त्याच माणसाने एका पावसाळ्यात चांगल्या धडधाकट इंजिनाला धूर सोडायला लावायचा ध्यास घेतला तेव्हा मला वाटलं, झालं, काकांचाच तोल गेला.

पण त्याला कारण होतं, आणि कारण म्हणजे काकू.

काकांचं एक विमान होतं. खेळण्यातलं म्हणावं तर दोन्ही हात पसरले तरी पंख मावत नव्हते. लाकडाच्या पट्ट्या आणि कापड, सगळं घरी बांधलेलं. इंजिन शेतात पाठीवर घेऊन औषध फवारतात त्या पंपाचं, पेट्रोलवर चालणारं. चालवायचा रेडिओ पुतण्याने दुबईहून आणून दिला होता. देवघराशेजारच्या खोलीत त्याचे पंख छताला टांगलेले असायचे. काकू त्याचा उल्लेख "तुमचं ते" असा करायच्या. आमच्या गल्लीतून दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं, तिथे विमान कुठलं उडायला? म्हणून दर रविवारी काका विमान सुटं करून, पंख बगलेत मारून घाट उतरायचे आणि नावेने उस पार जायचे.

उस पार म्हणजे गंगेचा पलीकडचा काठ. तिथे वस्ती नाही, नुसती रेती. बनारसी माणसाची सुट्टी तिथे जाते. लोटा आणि लंगोट घेऊन सकाळी नाव करायची, पलीकडे मोकळ्या हवेत पोट साफ करायचं, अंगाला माती चोळून गंगेत डुंबायचं, भांग घोटायची आणि उन्हं चढल्यावर परतायचं. पोट साफ होणं हा त्या गावातला बोलण्याचा मोठा विषय आहे. भले भले विद्वान सकाळी भेटले की एकमेकांना आधी तेच विचारतात. मी सातारकर, मला सुरुवातीला कुठे बघावं कळायचं नाही.

तर त्या पावसाळ्याआधीच्या चैत्रातली गोष्ट. काका विमान घेऊन पलीकडे गेलेले, मी आणि काकू गच्चीत चहाला बसलेलो. रेतीवर आभाळात एक काळा ठिपका गोल गोल फिरत होता. काकू म्हणाल्या, आज फार सुरेख फिरवताहेत. मीही म्हटलं, हो ना, किती शांत. आम्ही त्या ठिपक्याचं कौतुक करत दुसरा कप घेतला. आणि मग त्या ठिपक्याने पंख हलवले.

घार होती ती. काका तेव्हा रेतीवर उन्हात बेशुद्ध पडले होते आणि त्यांचा नावाडी लोटा घेऊन लांब कुठे गेला होता. परत आल्यावर त्याने त्यांना पाहिलं, तोंडावर पाणी मारलं, नावेत घालून आणलं. ऊन लागलं होतं, रक्तदाब खाली गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं की थोडक्यात निभावलं. काका दोन दिवसांत उठून ताट तोलायला लागले. काकू मात्र आतून हलल्या त्या हलल्याच. आरडाओरडा नाही, रडणं नाही. भाजी निवडता निवडता मला एवढंच म्हणाल्या, "मी घारीला नवरा समजून चहा पीत बसले गं."

पुढच्या रविवारी काका निघाले तेव्हा काकूंनी अडवलं नाही. फक्त त्या गच्चीत जाऊन बसल्या आणि ते परत येईपर्यंत पाण्याचा घोटही घेतला नाही. बरं, काकूंना साखरेचा आजार. उपाशी राहायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. काका आले तेव्हा काकूंचे हात थरथरत होते आणि तोंडाला कोरड पडली होती. काकांनी त्यांना साखरपाणी पाजलं आणि त्यानंतर पलीकडे जाणं बंद केलं.

बंद केलं खरं, पण माणूस वाळत चालला. रविवारी सकाळी पंख खाली काढायचे, पुसायचे, परत टांगायचे. वस्तू तोलणं बंद झालं. मी मुद्दाम एकदा माझी पर्स त्यांच्या हातात दिली, तर त्यांनी तशीच परत दिली. तो प्रकार मला अजिबात बघवेना, आणि काकूंना तर त्याहून नाही. पण भीती म्हणजे भीती. ती काही समजावून जात नाही.

आणि एक दिवस काका जेवता जेवता ताटावरून म्हणाले, "घारीला धूर सोडता येत नाही."

काकूंनी वर पाहिलं. काका म्हणाले, विमान वर गेलं की मी त्यातून पांढरा धूर सोडेन. तुला गच्चीतून दिसेल. धूर दिसला म्हणजे मी उभा आहे, माझे हात चालताहेत, डोकं ठिकाणावर आहे. मग तू खुशाल चहा पी. काकूंनी हात धुतले आणि विचारलं, काशीत गंगेवर धूर दिसला म्हणजे लोक काय समजतात ते ठाऊक आहे ना? आमच्या गच्चीतून उजव्या हाताला मणिकर्णिकेवरच्या चितांचा धूर दिवसरात्र दिसायचा. त्यावर काका म्हणाले, "तो उभा जातो. माझा आडवा जाईल."

काकूंनी रात्रभर विचार केला असावा. सकाळी त्यांनी अट सांगितली, माझ्यासमोर, म्हणजे साक्षीला. पावसाळा सरला, रेती वर आली, की एक रविवार मिळेल. त्या दिवशी आडवा धूर दिसला तर जन्मभर जा, मी आडवी येणार नाही. नाही दिसला तर ते विमान गंगेत सोडायचं आणि घरी बसायचं. काकांनी मान हलवली. एकच रविवार होता आणि दोघांचंही सगळं त्याच्यावर होतं.

मग आमच्या गच्चीचा कारखाना झाला. विमानाचं शेपूट धुण्याच्या दगडाला बांधलेलं, पुढे पंखा गरगरतोय आणि काका बाजूला बसून इंजिनाला महाराज महाराज करताहेत. युक्ती अशी होती, की चालत्या इंजिनाच्या तापलेल्या सायलेन्सरमध्ये थोडं थोडं तेल सोडायचं. तेलाची वाफ होते, बाहेर गार हवेत आली की तिचा पांढराशुभ्र धूर होतो. तेल जळायला नको, नुसतं उकळायला हवं, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मी झोपेतही सांगेन.

पहिल्यांदा त्यांनी घरातलं मोहरीचं तेल घातलं. धूर आला म्हणायला, पण वास असा सुटला की अख्ख्या गल्लीला वाटलं आमच्याकडे भजी चाललीत. दोन घरांतून माणसं डोकावून गेली. सायलेन्सरच्या आत डिंकासारखा थर बसला तो काकांनी बसून खरवडला. मग डिझेल घातलं. शेजारी वेदपाठशाळा, तिथले विद्यार्थी म्हणता म्हणता खोकायला लागले आणि त्यांचे गुरुजी स्वतः जिना चढून आले. काका त्यांना म्हणाले, तुमचा तिसरा विद्यार्थी स्वर चुकतो आहे, खोकला नसतानाही. गुरुजी रागावून गेले, पण दुसऱ्या दिवसापासून डिझेल बंद झालं.

तिसरं तेल बरोबर निघालं: लिक्विड पॅराफिन. पाण्यासारखं नितळ, वास नाही, चिकटपणा नाही. मिळतं औषधाच्या दुकानात. आणि कशाला घेतात? तर पोट साफ व्हायला.

काका चौखंब्याच्या औषधवाल्याकडून एकेक बाटली आणायचे आणि दोन दिवसांत परत जायचे. आता आमची गल्ली काय गप्प बसते? काकांचं पोट दगड झालंय, ही बातमी ब्रह्माघाटापर्यंत गेली. कुणी त्रिफळा पाठवलं, कुणी इसबगोल, एका वैद्यबुवांनी तर घरी येऊन काकूंना दबक्या आवाजात विचारलं की किती दिवस झाले. मी बँकेतून येत होते तर त्या औषधवाल्याने मला थांबवलं आणि काळजीने म्हणाला, "बहिनजी, आप ही समझाइए बाबूजी को. इतना तो हाथी को भी नहीं लगता." मला हसू आवरेना आणि रस्त्यात हसायची सोय नाही. घरी येऊन सांगितलं तेव्हा काकू लाजेने अर्धमेल्या झाल्या. काका मात्र शांत. म्हणाले, "खरं सांगितलं तर विमानाला जुलाबाचं औषध देतो म्हणावं लागेल. ते जास्त वाईट." आणि तेव्हापासून औषधवाल्याने विचारलं की ते गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, थोडा फरक आहे.

तेल मिळालं तरी धूर पुरा येईना. तेल सोडायला त्यांनी मोटारीच्या काचेवर पाणी मारणारा छोटा पंप आणून बसवला, तेलाची चपटी बाटली बरोब्बर पंखांच्या मध्यावर ठेवली, म्हणजे तेल संपत गेलं तरी तोल ढळायचा नाही. पण गार तेल सायलेन्सरमध्ये गेलं की सायलेन्सरच गार व्हायचा आणि मागून धुराऐवजी तेलाचे तुषार उडायचे. ते सगळे माझ्या वाळत घातलेल्या साड्यांवर. बँकेत मी तेलकट साडी नेसून गेले त्या दिवशी घरी आल्यावर काकांना मी चांगलंच सुनावलं. काका साडीवरचे डाग निरखून बघत होते. म्हणाले, "थेंब मोठे आहेत. म्हणजे आत जाण्यापूर्वीच तापवायला हवं." माझ्या साडीचं त्यांना तेवढंच सुतक.

मग फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून त्यांनी तांब्याची बारीक नळी आणली आणि सायलेन्सरला वेटोळं घालून बसवली. तेल आधी त्या वेटोळ्यातून फिरायचं, तापायचं, मग आत जायचं. पंपाचं बटण त्यांनी असं जोडलं की इंजिन जोरात असेल तेव्हाच तेल सुटावं, सुस्त झालं की बंद. हे सगळं जमलं त्या दिवशी गच्चीत पांढरा धूर असा भसकन सुटला की मला समोरचे काका दिसेनात. धुरातून त्यांचा आवाज तेवढा आला, "वाह महाराज, वाह." मी टाळ्या वाजवल्या. काकू जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, इथे दिसून काय उपयोग, तिथून दिसायला हवा.

दिवाळी झाली, पाणी उतरलं, रेती वर आली. तो रविवार आला.

काका सकाळीच अंघोळ करून, देवाला नमस्कार करून निघाले. मी नेहमीच्या नावाड्याला बजावलं, आज भांग नाही आणि कुठे लांब जायचं नाही. तो हो म्हणाला, पण रविवारी त्याच्या हो म्हणण्यावर भरोसा ठेवावा असा तो माणूस नव्हता. काकू गच्चीत स्टुलावर बसल्या, नदीकडे तोंड करून. शेजारी पाण्याचा लोटा वाटीने झाकून ठेवलेला. मी त्यांच्या पायाशी बसले.

नाव पलीकडे लागलेली दिसली. दोन ठिपके रेतीवर उतरले ते दिसले. त्यानंतर काहीच नाही.

खालच्या गल्लीत टीव्हीवरची रविवारची मालिका सुरू झाली, तिचा आवाज घराघरांतून वर आला, आणि ती संपूनही गेली. आभाळ रिकामं. म्हणजे अगदी रिकामं नाही. रेतीवर एक घार गोल गोल फिरत होती. "ती घार आहे," काकू म्हणाल्या. मी म्हटलं, हो. थोड्या वेळाने त्यांनी परत तेच म्हटलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, थंडीच्या दिवसांत. मी लोट्यावरची वाटी काढली, म्हटलं, काकू, दोन घोट घ्या, माझी शपथ. त्यांनी लोटा बाजूला सारला आणि उठून उभ्या राहिल्या. "चल."

गुडघ्यांमुळे काकूंनी कितीतरी महिन्यांत घाट उतरला नव्हता. गंगा त्यांच्याकडे लोट्यातून यायची. दुर्गाघाटाच्या पायऱ्या काय उंच असतात ते ज्याने उतरल्यात त्यालाच ठाऊक. काही त्या माझ्या खांद्यावर भार देऊन उतरल्या, काही चक्क बसत बसत. मी सारखी पलीकडच्या आभाळाकडे बघत होते आणि पाय घसरेल म्हणून परत खाली बघत होते. मनात नाही नाही ते येत होतं. खाली एक ओळखीपाळखीचा नसलेला नावाडी होता, त्याला म्हटलं उस पार, जल्दी. काकूंना नावेत चढवताना साडीचा काठ पाण्यात भिजला. त्यांचं लक्ष नव्हतं.

नाव मधोमध आली. मागे वळून पाहिलं तर मणिकर्णिकेवर धूर होता, नेहमीसारखा, उभा. काकूंनी तिकडे पाठ केली आणि ओठ घट्ट मिटून बसल्या. मी त्यांचा हात धरला होता.

आणि तो आवाज आला. फवारणीच्या पंपाचा, माझ्या साड्यांच्या वैऱ्याचा, तो कर्कश आवाज. जन्मात मला इतका गोड आवाज ऐकू आला नव्हता. रेतीवरून काहीतरी उठलं, वर चढलं, वळलं, आणि त्याच्या मागे पांढरी रेघ उमटली. बारीक, मग जाड, मग अख्ख्या आभाळात या टोकापासून त्या टोकापर्यंत. आडवी.

नावाड्याने वल्हं थांबवलं आणि तोंड उघडं टाकून बघत राहिला. "ई का है, माताजी?" त्याने विचारलं. काकू वाकल्या, ओंजळीत गंगेचं पाणी घेतलं आणि प्यायल्या. परत घेतलं, परत प्यायल्या. तोंडावरून पाणी ओघळत होतं, त्यात डोळ्यांचं किती होतं मी बघितलं नाही, कारण मला माझंच पुसायचं होतं.

मग काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि नावाड्याला म्हणाल्या, "लौटा लीजिए."

मी म्हटलं, काकू, अहो आता पलीकडचा काठ जवळ आहे, भेटूनच जाऊ. त्या म्हणाल्या, "मी या गुडघ्यांनी उतरून आले हे त्यांना कळलं, तर ते पुन्हा जायचे नाहीत. मी ओळखते त्यांना. चल, ते यायच्या आत वर पोचायला हवं."

चढणं उतरण्याहून वाईट होतं. कसं पोचलो ते गंगामाईला ठाऊक. पण पोचलो, आणि काका दुपारी पंख बगलेत मारून आले तेव्हा काकू साडी बदलून चुलीपाशी होत्या आणि भात शिजत होता. काका दारातच थांबले. "दिसला?"

"दिसला," काकू म्हणाल्या. "पाणी प्यायले."

काकांनी पंख भिंतीला टेकवले आणि मोठा श्वास सोडला. मला काही राहवेना. मी विचारलं, इतका उशीर कशाने केलात, पंप बिघडला की काय? काका म्हणाले, छे, सगळं तयार होतं, इंजिन तर एका हाकेत उठलं. पण वर घार होती. ती फिरत असताना विमान सोडायचं म्हणजे हिची परत फसगत. म्हणून ती जाईपर्यंत बंद करून थांबलो. जातच नव्हती.

मी काकूंकडे पाहिलं, काकूंनी माझ्याकडे. "अहो," काकू हळूच म्हणाल्या, "पण घारीला धूर सोडता येत नाही ना?"

काकांनी जानव्यातल्या पान्याशी चाळा केला. "ते राहूनच गेलं लक्षात," ते म्हणाले. आणि मग काकू जे हसायला लागल्या ते थांबेचनात. भात खाली लागला तरी हसत होत्या. त्या चैत्रानंतर मी त्यांना पहिल्यांदा तसं हसताना पाहिलं.

जेवायला वाढलं. काकू ताट घेऊन आल्या. काकांनी नेहमीप्रमाणे ताट तोलायला हात पुढे केले, पण नजर ताटावर नव्हती, काकूंच्या चालण्यावर होती. दोरीवर वाळत घातलेल्या साडीच्या भिजलेल्या काठाकडे एकदा बघितलं आणि जेवले.

संध्याकाळी मी खाली दूध घ्यायला आले तेव्हा काकू पाटावर पाय पसरून बसल्या होत्या आणि काका त्यांच्या गुडघ्याला तेल चोळत होते. शेजारी ती पॅराफिनची बाटली, तळाशी थोडं उरलेलं.

"हे चालतं का गुडघ्याला?" काकूंनी विचारलं.

"इंजिनाला चाललं." थोडा वेळ ते चोळत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "पुढच्या रविवारी पोचल्या पोचल्या आधी धूर. घार असो नाही तर गरुड असो. तू घाट उतरायचा नाहीस."

"मी कुठे उतरले?"

"नाहीच उतरलीस," काका म्हणाले, आणि दुसऱ्या गुडघ्यासाठी तळहातावर तेल घेतलं.